सगळी टोळी एका हुकमात

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "काका, संगणक क्रांतीवर तुमचे अनुभव लिहा." मी म्हटलं, क्रांती मी पाहिली नाही. संगणक पाहिला. त्याच्यापुढे बरीच वर्षं बसलो. तो सुरू व्हायला जेवढा वेळ घ्यायचा, तेवढ्यात आम्ही पूर्वी अर्धा ट्रक रिकामा करायचो. संपादक हसले नाहीत. पुण्यात विनोद कळला तरी लगेच हसायची पद्धत नाही.

माझं शिक्षण चौथी पास. हे मी लपवत नाही, आणि त्यावरून कोणी कीव करायला लागला तर त्याला चहा विचारत नाही. मार्केट यार्डाच्या पलीकडच्या अंगाला हमालांची एक सहकारी सोसायटी होती. तिचं स्वतःचं गोदाम होतं. नाव लिहीत नाही, कारण त्यातले निम्मे लोक हयात आहेत आणि उरलेल्यांची मुलं वकील झाली आहेत. त्या गोदामात मी पोती वाहिली, गुळाच्या ढेपा वाहिल्या, आणि एके दिवशी कमरेतला मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, यापुढे वजन उचलायचं नाही. मग सोसायटीनं मलाच उचलून ऑफिसात ठेवलं. पाणी भरा, टपाल न्या, सेक्रेटरीसाहेबांचा डबा गरम करा. तेवढ्यात संगणक आला.

का आला ते विचारू नका. त्या दिवसांत तो सगळ्यांकडेच येत होता. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या, ज्याचा त्याचा पुतण्या अमेरिकेला निघाला होता, आणि आमच्या सेक्रेटरीसाहेबांना वाटायला लागलं की आपण मागे राहिलो. तो खोका टेम्पोतून आमच्याच हमालांनी उतरवला. त्याला वेगळी खोली दिली, खोलीत थंड हवेचं यंत्र बसवलं. गोदामात माणसं घामानं निथळतायत आणि हा आपला गारव्यात. एका हमालानं काचेतून बघून मला विचारलं, "त्याला ताप हाय का?"

चालवायला मात्र कोणी नव्हतं. ऑफिसात दोन कारकून होते, दोघं पदवीधर. एकाचे डोळे दुखत होते, दुसऱ्याची मान. माझी कंबर गेली होती, पण ते यंत्र कमरेनं चालवायचं नव्हतं. इंग्रजी अक्षरं मला येत होती. शाळेत नाही, ट्रकांच्या नंबरप्लेटांवर शिकलो. टाइप करायचो दोन बोटांनी. आजही दोनच. ज्यांना दहा बोटांनी येतं त्यांनी चुकाही पाचपट वेगानं केलेल्या मी पाहिल्या आहेत.

माझं काम होतं माणसं आत घालण्याचं. बाहेरच्यांना समजावं म्हणून सांगतो. संगणकात एक कोष्टक असतं. उभे रकाने, आडव्या ओळी. एक माणूस म्हणजे एक ओळ. नाव, बापाचं नाव, गाव, बिल्ल्याचा नंबर. बिल्ला म्हणजे हमालाच्या दंडाला बांधलेला पितळेचा तुकडा, त्याच्यावर आकडा कोरलेला. ही ओळ कोष्टकात हातानं लिहायची नसते. यंत्राला हुकूम द्यायचा असतो. अमुक कोष्टकात, अमुक रकान्यांत, हा माणूस घाल. या हुकमाला क्वेरी म्हणतात. हुकमात माणूस कंसात बसतो, त्याचं नाव अवतरणचिन्हांत, आणि शेवटी अर्धविराम. तो अर्धविराम द्यायला विसरलात तर यंत्र ओरडत नाही, चुकलं म्हणत नाही. नुसतं तुमच्या तोंडाकडे बघत बसतं. सरकारी ऑफिसात असतात तसे.

मी एका माणसाला एक हुकूम द्यायचो. माणूस टेबलापुढे उभा, मी विचारणार, तो सांगणार, मी घालणार. गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एकाला विचारलं, "नाव?" म्हणाला, "गेंड्या." मी म्हटलं, "अरे, कागदावरचं सांग." तो म्हणाला, "कागदावर पोती कोण उचलतंय?" त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला विचारायला लागलं, आणि ती नवऱ्याचं नाव घ्यायला तयार होईना. दुसरा एक म्हातारा आठवड्यातून एकदा यायचा, काचेला नाक लावून विचारायचा, "मी आत हाय ना?" मी पडद्यावर त्याची ओळ दाखवायचो. त्याला वाचता येत नव्हतं, पण ओळीकडे असा बघायचा जसा काही स्वतःचा फोटो. मग खूश होऊन जायचा. ज्यांना हे हास्यास्पद वाटतं ते हल्ली दर तासाला मोबाइलमध्ये आपलाच चेहरा बघतात.

तर असं चाललं होतं. मग सेक्रेटरीसाहेबांनी ठरवलं की बिल्ले बंद, दिवाळीपासून फोटोचं कार्ड. ज्याचं कार्ड तो गोदामाच्या गेटातून आत. कार्ड नाही, काम नाही. आणि कार्डवाला महिनोन्महिने आला नाही तर कार्ड रद्द. कार्ड छापायचं तर नवं कोष्टक हवं, आणि सगळी माणसं पुन्हा आत घालायला हवीत. त्यासाठी एका कंपनीतून बाई बोलावल्या. नाव वैशाली, अमरावतीकडच्या. वय माझ्या धाकट्या मुलीएवढं, बोलणं सरळ. त्यांनी अर्धा दिवस माझ्या मागे उभं राहून बघितलं.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही? एकेक माणूस?"

"मग काय, पोत्यात भरून घालू?"

"तसंच घाला न. हुकूम एकच. पहिला कंस, स्वल्पविराम, दुसरा कंस, स्वल्पविराम, तिसरा. अख्खी टोळी एकाच क्वेरीत जाते. अर्धविराम एकदाच."

मी म्हटलं, "माणूस समोर उभा राहिल्याशिवाय मी आत घालत नाही."

सेक्रेटरीसाहेब दारातून ऐकत होते. सदाशिव पेठेतले गृहस्थ, आवाज कधी चढवायचे नाहीत, चढवायची गरजच पडायची नाही. म्हणाले, "अहो गोविंदराव, आपण चौथीनंतर थांबलात. यंत्रानंही थांबावं अशी आपली इच्छा आहे का?"

मी पुढच्या माणसाला नाव विचारलं. मनात जे म्हणालो ते अंकात छापता येणार नाही.

आता टोळी म्हणजे काय तेही सांगायला हवं, कारण टोळ्या आता राहिल्या नाहीत. हल्ली ठेकेदार मोबाइलवर एकेकाला बोलावतो, आणि शेजारी पोतं उचलणारा कुठल्या गावचा हे उचलणाऱ्याला ठाऊक नसतं. आमच्या वेळी ट्रक टोळी रिकामा करायची. वर चढलेले पोतं कडेला सरकवणार, खालचे पाठीवर घेणार, एक जण आत थप्पी लावणार. साखळीच ती. मधला एक नसला की दुसऱ्याच्या पाठीवर दोघांचं ओझं येतं. माझा मणका असाच एका गैरहजर माणसापायी गेला. म्हणून नियम होता, टोळी पुरी भरल्याशिवाय ट्रकाला हात लावायचा नाही. एकाला गेटावरून परत पाठवलं तर सगळे परत. टोळी बसली म्हणजे हातातले पोती ओढायचे लोखंडी हूक जमिनीवर ओळीनं आडवे ठेवायचे. आरडाओरड नाही, घोषणा नाहीत. हूक जोवर आडवे, तोवर काम बंद. शिकलेल्या लोकांना हे अडाणीपणाचं वाटायचं. त्यांचं कोणावाचून काहीच अडलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना तसं वाटणं साहजिक आहे.

एका हुकमात घालायला मी पहिली टोळी घेतली ती शंकरनानांची. शंकरनाना म्हणजे मुकादम, माझ्यापेक्षा मोठे, मी पोती वाहायचो तेव्हाही टोळी त्यांचीच. त्यांनी बसून सगळी नावं सांगितली. मी कंस उघडत, मिटत, स्वल्पविराम देत टाइप करत गेलो. दोन बोटांनी अख्खी टोळी. शेवटी अर्धविराम दिला आणि बटण दाबलं.

यंत्रानं सगळी टोळी परत पाठवली. एकही माणूस आत नाही.

मला किती आनंद झाला ते सांगत नाही. बाईंना हाक मारली. "बघा. एकेक घालत होतो तर जात होते. एकदम घातले तर तुमच्या यंत्राला पचेनात."

बाई पडद्यापाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "पचत नाही असं नाही काका. ते काय म्हणते वाचलं का? एका बिल्ल्यावर दोन माणसं आहेत. दामू आणि सोपान. नव्या कोष्टकात एक नंबर दोनदा चालत नाही, तसा नियमच लावला आहे मी. आणि एका हुकमातला एक कंस अडला की सगळा हुकूम परत. गेले तर सगळे, नाही तर कोणी नाही."

एका बिल्ल्यावर दोन माणसं कशी, हे बाईंना ठाऊक असायचं कारण नव्हतं. गोदामात सगळ्यांना ठाऊक होतं. दामू आणि सोपान सख्खे भाऊ, लोणी काळभोरचे. थोडी जमीन, कांदा करायचे. दोघं रानात बसले तर पोट भरत नव्हतं, दोघं पुण्यात आले तर रान ओसाड पडत होतं. म्हणून एक जण गावी, एक जण गोदामात, आणि बिल्ला दोघांत एक. एकाच्या दंडावरून सुटला की दुसऱ्याच्या दंडाला. असे जोडीचे भाऊ आणखीही टोळ्यांत होते. नानांना नावं विचारली तर त्यांनी दोघांची सांगितली, कारण दोघंही टोळीचे. बिल्ला एकच म्हणून माणूस एकच, असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही.

मी हे समजावून सांगितलं. सेक्रेटरीसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक बिल्ला, एक माणूस. हा काही घरच्या लग्नाचा आहेर नाही, दोघांत मिळून एक द्यायला. बाई, बाकीचे तर आत जाऊ द्यात. उरलेल्याचं नंतर बघू."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. नोकरी त्यांनाही होती. माझ्या हुकमात त्यांनी सुरुवातीलाच एक शब्द वाढवला. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की जो अडेल त्याला सोडून दे, बोंब मारू नको, बाकीच्यांना आत घे. बटण दाबलं. टोळी आत गेली, एक माणूस सोडून. यंत्रानं खाली बारीक अक्षरांत एक जण गाळल्याचं लिहिलंही. साहेबांनी त्याच्या वरचा 'ओके' वाचला आणि ते जेवायला गेले.

दोघांतला कोण गळला? मी दामू मोठा म्हणून त्याचं नाव आधी टाइप केलं होतं. कंसात आधी बसला तो आत गेला, मागून आला तो गळला. दुसरं काही कारण नाही. आणि दामू त्या वेळी कुठं होता? लोणीला, कांद्याची लागवड करत. गोदामात होता तो सोपान. म्हणजे कार्ड ज्याच्या नावाचं तो रानात, आणि जो पोती उचलत होता त्याला कार्ड नाही. एवढं अचूक उलटं काम माणसाच्या हातून सहसा होत नाही.

मी संध्याकाळीच नानांना सांगितलं. काय झालं, कसं झालं, कुठला शब्द घातला, सगळं. यंत्रानं आधी सगळ्यांना परत पाठवलं होतं हेसुद्धा. नाना तंबाखू मळत होते. म्हणाले, "बरं." तेवढंच.

सोपान शेजारीच उभा होता. मला म्हणाला, "गोविंदकाका, दादाचं कार्ड घेऊन ग्येलो तर?"

"त्यावर फायलीतला दादाचा फोटो येणार."

"मिशा काढल्या तर माझ्यावानीच दिसतो की त्यो."

"फोटोतल्या मिशा कोण काढणार, सोपान?"

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. घरी दोन पोरं आणि कांदा अजून जमिनीत. कांदा येईपर्यंत खायचं ते गोदामातलंच.

कार्डं आली. दिवाळीचा माल उतरायचे दिवस, गेटाबाहेर गुळाचे ट्रक रांगेत उभे. गेटावर खडकीचा एक निवृत्त फौजी होता. तो स्वतःच्या सासऱ्यालाही कार्डाशिवाय आत सोडणार नाही असा. नानांची टोळी आली. एकेक कार्ड दाखवत आत जाणार, तोच सोपानपाशी फौजीनं हात आडवा धरला.

नाना आधीच आत गेले होते. ते मागे वळले, गेटाबाहेर आले आणि बाहेरच्या धुळीत मांडी घालून बसले. हूक समोर आडवा ठेवला. बाकीचेही एकेक करून बाहेर आले, बसले, हूक ठेवले. हुकांची रांग लागली. ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली, व्यापाऱ्यांची माणसं ऑफिसात धावली, आणि सेक्रेटरीसाहेब रुमालानं कपाळ पुसत गेटावर आले. मी त्यांच्या मागे. असले प्रसंग मी चुकवत नाही.

"शंकरराव, तुमची कार्डं झाली आहेत ना? मग उचला."

"टोळी अपुरी हाय सायेब."

"एकाच माणसाचा तर प्रश्न आहे. त्याचं बघू म्हटलं ना मी. एकानं काय अडतं?"

नानांनी वर बघितलं. "आमाला कशाला इचारता? तुमच्या यंत्राला इचारा. पयल्यांदा त्यानंबी एकापायी समद्यास्नी म्हागारी धाडलं व्हतं. मला वाटलं, चला, शहाणं हाय. मग तुमी त्याला शिकीवलं."

बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांना हसू आवरेना. साहेबांनी बघितल्यावर म्हणाल्या, "बरोबर बोलून राहिले ते, सर. मशीनचं म्हणणं तेच होतं. मी त्याला गप्प बसवलं."

"मग आता त्याला बोलतं करा," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच टोमणा नसलेलं वाक्य मी ऐकलं. थोडं अडखळत आलं.

बाईंनी उपाय तिथेच सांगितला. बिल्ल्याच्या रकान्याचा नियम काढायचा, प्रत्येक माणसाला त्याचा स्वतःचा वेगळा नंबर द्यायचा. बिल्ला मग दोघांचा एक असला तरी अडणार नाही. त्या कंपनीत असल्या कामाला आठवडा लावतात म्हणे. ट्रकांचे भोंगे वाजत असले की चहा पिऊन होईपर्यंत होतं. आम्ही गेटाबाहेरच्या ऑफिसात आलो, नाना आणि सोपानही मागून आले. सोपानला एकट्याला घालते, असं म्हणून बाई माझ्या खुर्चीवर बसणार, तर दारातून नाना म्हणाले, "एकला नको. एकला घातला की एकला काढता येतो. समदी टोळी काढा आन् समदी एका हुकमात घाला."

तांत्रिकदृष्ट्या यात काही अर्थ नाही, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. आत गेल्यावर प्रत्येक ओळ वेगळीच असते, कोण कोणाबरोबर आला हे कोष्टक लक्षात ठेवत नाही. पण त्या वेळी त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "काका, बसा."

आणि ज्यानं एका हुकमात माणसं घालायला नकार दिला होता तो मी, दोन बोटांनी अख्खी टोळी एका हुकमात घालायला बसलो. यावरून कोणी मी हरलो असं म्हणू नये. मला ते पटलं नव्हतं, आजही नाही. पण नाना म्हणाले होते. पहिल्या कंसात सोपानला बसवलं. दामूला शेवटच्या. शेवटचा कंस मिटवला आणि बटण दाबलं. फक्त अर्धविराम दिला नाही.

यंत्र बघत बसलं.

"अडकलं का पुन्हा?" साहेब म्हणाले. बाहेर भोंगे चालूच.

"नाही. माझ्यासाठी थांबलंय."

"मग कशाची वाट बघताय आपण?"

मी म्हटलं, "साहेब, मी चौथी पास. इंग्रजी नंबरप्लेटीपुरतं. सोपानचं नाव बरोबर आलंय का तेवढं आपण वाचून बघा. मोठ्यानं वाचा, तो बाहेर उभा आहे. पाय धुळीचे म्हणून आत येत नाही."

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. साहेबांनी चष्मा चढवला, वाकले आणि वाचलं. "सोपान. सोपान भिकू. लोणी काळभोर." आणि मग आपण होऊन म्हणाले, "आहे."

मी अर्धविराम दिला. सगळी टोळी आत. यंत्रानं खाली बारीक अक्षरांत लिहिलं की कोणी गळलं नाही. या वेळी ते साहेबांनीही वाचलं. साहेबांनी सोपानला कार्ड येईपर्यंत शिक्क्याची चिठ्ठी दिली, नाना गेटावर गेले, "उठा रे" म्हणाले, आणि हूक उचलल्याचा जो आवाज झाला तो ऑफिसापर्यंत आला.

इथं थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. पण पुढच्या आठवड्यात दामू गावाहून आला. मिशांना पीळ, डोक्याला मफलर. काचेशी उभा राहून म्हणाला, "गोविंदा, सोपानला आत घातलंस म्हणं. मग मला भाईर काढलंस का काय?"

मी ऐटीत म्हटलं, "दोघंही आत. दोन नंबर, दोन कार्डं. आता कोणी कोणाच्या बिल्ल्यावर नाही." पडद्यावर त्याला दोन ओळी दाखवल्या.

त्यानं दोन्ही ओळींकडे बघितलं. "आन् कामावर आलं न्हाई तर कार्ड रद्द?"

"रद्द."

"दोघांचंबी?"

"ज्याचं त्याचं."

दामूनं मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. म्हणाला, "मग रानात कोन?"

मी बाईंना हाक मारली. त्या आल्या, प्रश्न ऐकला, आणि माझ्या शेजारी उभ्या राहून पडद्याकडे बघत राहिल्या.